फ्योर्डच्या देशात सहकुटुंब

श्रोतेहो, नमस्कार. येत्या उन्हाळ्यात पश्चिम नॉर्वेला जाऊन, तेथे भाड्याची गाडी घेऊन मुलाबाळांसह आणि घरातल्या वडीलधाऱ्यांसह हिंडावे असा बेत ज्यांच्या मनात आहे, त्यांच्याशी मला आज बोलायचे आहे.

कोकणातली खाडी आपल्या ओळखीची असते. समुद्र नदीच्या दरीत शिरतो आणि खाडी होते. फ्योर्डही तसाच समुद्राचा जमिनीत शिरलेला फाटा, पण त्याची दरी हिमनदीने डोंगर कोरून केलेली असते, म्हणून तिचे काठ भिंतीसारखे उभे आणि तळ अतिशय खोल असतो. सोग्नेफ्योर्ड २०० किलोमीटरांहून अधिक आत गेलेला आहे आणि त्याची खोली १,३०० मीटरपर्यंत जाते. अशा पाण्यावर जागोजागी पूल बांधता येत नाहीत. त्यामुळे रस्ता काठाकाठाने वळसा घेतो, घाट चढतो, बोगद्यात शिरतो किंवा सरळ धक्क्यावर येऊन संपतो आणि पुढे गाडीसकट फेरीबोटीत चढावे लागते. म्हणून माझे पहिले सांगणे असे की बेत आखताना किलोमीटर मोजू नका, तास मोजा. गावाबाहेर वेगाची मर्यादा बहुधा ताशी ८० किलोमीटर असते. पण वळणांच्या अरुंद रस्त्यावर तेवढा वेग क्वचितच साधतो. नकाशात तासाभराचा दिसणारा रस्ता मुले बरोबर असताना दोन तासांचा धरावा.

हे आम्ही कसे शिकलो, ते सांगते. एके दिवशी आम्ही लोएन गावाहून निघालो होतो. हेल्लेसिल्टच्या धक्क्यावरून गाइरांगरला जाणारी बोट आम्हांला पकडायची होती. अंतर फारसे नव्हते, म्हणून माझ्या यजमानांनी सव्वा तास पुरेसा धरला. वाटेत होर्निंडालचे सरोवर लागले. हे युरोपातले सर्वांत खोल सरोवर आहे, ५१४ मीटर खोल, असे मुलाने वाचून दाखवले आणि अर्थातच तेथे उतरावे लागले. पुढे रस्त्यावर मेंढ्या बसल्या होत्या, त्यानंतर एक संथ कॅरव्हॅन पुढे आली, आणि आम्ही धक्क्यावर पोहोचलो तेव्हा बोटीचा दरवाजा वर उचलला गेला होता आणि काठापासून बोटीपर्यंत पाण्याची पट्टी रुंदावत होती. पुढची बोट दीड तासाने होती.

गाडीत कोणी बोलेना. तेव्हा माझी आई शांतपणे खाली उतरली आणि म्हणाली, ''अगं, तर चुकली म्हणून कोणी रडतं का? धोपाव्याला आम्ही भरतीची वाट बघत अर्धा अर्धा दिवस बसलोय.'' तिचे माहेर दाभोळच्या खाडीकाठचे, आणि तर म्हणजे खाडी ओलांडणारी होडी. आज तेथेही गाड्या नेणारी फेरीबोट आहे, पण तिच्या लहानपणी होडीच होती. हेल्लेसिल्ट गावाच्या मधोमध एक मोठा धबधबा कोसळतो. त्याच्या तुषारांत, पुलाच्या कठड्याशी बसून आम्ही सकाळी मुक्कामाच्या लाकडी घरातल्या चुलीवर केलेली थालीपिठे खाल्ली. तेवढ्या वेळात धाकटीने आजीकडून होडीची सगळी गोष्ट काढून घेतली.

मग बोट आली. गाइरांगरचा फ्योर्ड पंधरा किलोमीटरांचा आहे आणि २००५ पासून तो जागतिक वारसा आहे. सात बहिणी नावाचा धबधबा २५० मीटरांवरून सात धारांनी उतरतो. त्या कड्यांवर, पाण्यापासून शेकडो मीटर उंच, ओसाड पडलेली जुनी शेतघरे दिसतात. तेथे राहणाऱ्या आया खेळणारी मुले दरीत पडू नयेत म्हणून त्यांना दोरीने बांधून ठेवत, असे बोटीवर सांगितले गेले. मी ते आईला मराठीत सांगितले. ती त्या घरांकडे बराच वेळ पाहत राहिली आणि मग म्हणाली, ''माझ्या आईनं आमच्या धाकट्याला लुगड्याच्या पट्टीनं ओटीच्या खांबाला बांधलं होतं. लावणीच्या दिवसांत दुसरं करणार काय?'' तिने ही गोष्ट मला यापूर्वी कधी सांगितली नव्हती. आधीची बोट मिळाली असती, तर आम्ही धापा टाकत चढलो असतो, आणि मला वाटते, आईला एवढी सवड मिळालीच नसती.

म्हणून आपल्याकडे आठ दिवसांत बारा ठिकाणे गाठणाऱ्या सहली विकल्या जातात, त्यांच्याविषयी मला मनापासून वाईट वाटते. त्या सहलींत वडीलधाऱ्या माणसांना केवळ चालवले जाते. त्यांना घरी ठेवून जाणे तर मला त्याहूनही पटत नाही.

पुन्हा सांगते, तास मोजा. एका दिवसात गाडी चालवण्याचे चार तास पुष्कळ झाले. आउरलँड ते लॅर्डाल हा रस्ता निवडताना दोन वाटा मिळतात. खालून २४.५ किलोमीटरांचा बोगदा आहे, जो २००० साली खुला झाला आणि जगातला सर्वांत लांब रस्त्याचा बोगदा आहे. चालकाला गुंगी येऊ नये म्हणून त्यात मध्येच तीन प्रशस्त, निळ्या उजेडाच्या गुहा केल्या आहेत. वरून जुना डोंगरी रस्ता आहे. तो हिवाळाभर बंद असतो आणि जूनमध्येही त्याच्या कडेला बर्फाच्या भिंती असू शकतात. मुलांना दोन्ही दाखवावेत, जाताना एक आणि येताना दुसरा. निघण्यापूर्वी घाट उघडा आहे की नाही, ते मात्र पाहून घ्यावे.

गाडी उजव्या बाजूने चालवायची असते आणि दिवे भरदिवसाही लावलेलेच ठेवायचे असतात. १३५ सेंटिमीटरांहून कमी उंचीच्या मुलांसाठी वेगळी खुर्ची लागते, ती गाडीबरोबरच मागून घ्यावी. रविवारी बहुतेक मोठी वाणसामानाची दुकाने बंद असतात, तेव्हा दूध, पाव आणि भाजी शनिवारीच भरून ठेवावी. नमस्कार.