सेवेच्या तासाला काय वाचावे?

(नागपुरात माध्यमिक शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

शिक्षकमित्रहो, नववी-दहावीच्या मुलांना सेवाकार्याला नेताना त्यांच्या हाती वाचायला काय द्यावे, असा प्रश्न आपण मला विचारला आहे. याचे उत्तर बरीच वर्षे मला अगदी सोपे वाटत असे. थोरांची चरित्रे द्यावीत, दुसरे काय? त्यातून आपण विदर्भातले. सेवाग्राम, पवनार, आनंदवन ही सगळी ठिकाणे सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येईल इतक्या अंतरावर आहेत, त्यामुळे सामग्रीची चणचण मला कधी भासलीच नाही.

एका वर्षी आम्ही वर्गाला वृद्धाश्रमात नेले. आधीच्या महिन्यात मुलांनी चाळीसएक पाने वाचली होती, निबंधही चांगले उतरले होते. तिथे एका आजीने उशीखालून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्या एका विद्यार्थिनीला म्हणाली, ‘‘बाई, हे वाचून दाखव ना, काय लिवलं हाये त्यात?’’ मुलीने खणखणीत आवाजात वाचले. हयातीचा दाखला सादर न केल्याने अनुदान थांबवण्यात आले आहे, अशा अर्थाचा तो मजकूर होता. आजीने विचारले, ‘‘म्हणजे काय?’’ मुलीने माझ्याकडे पाहिले. तो दाखला कोण देतो, कुठे द्यायचा आणि न दिल्यास पुढे काय होते, हे मलाही नीट सांगता आले नाही. फळे वाटून, छायाचित्र काढून आम्ही परतलो. त्या छायाचित्रात आजीच्या हातात केळे आहे आणि मांडीवर तो कागद.

तेव्हापासून मी वाचनाचा क्रम उलटा केला. आता पहिला पाठ म्हणजे अर्जाचा नमुना. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेचा अर्ज घ्या. पासष्ट वर्षांवरील निराधार माणसाने तो भरायचा असतो, आणि त्यातले शब्द असतात ‘रहिवासी’, ‘उत्पन्न’, ‘सक्षम प्राधिकारी’. दहावीच्या मुलांना हा अर्ज जोडीजोडीने भरायला सांगा. अर्ध्या तासात त्यांच्या लक्षात येते की निरक्षर माणसासाठी हा एक डोंगर आहे. मग योजनेच्या नावावर बोलता येते. कावड वाहणाऱ्या मुलाचे नाव शासनाने आपल्या योजनेला दिले आहे, तर ही कावड नेमकी कोणी वाहायची? या एका प्रश्नावर माझा वर्ग दोन तास भांडला आहे.

दुसरे साधन म्हणजे आपल्या शहराचा ताजा इतिहास. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरले आणि त्याचा वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. आपल्या विद्यार्थ्यांपैकी काहींच्या घरातले धान्य त्या दिवशी भिजलेले असेल. त्या आठवड्यातील वर्तमानपत्रांची कात्रणे, नदीपात्राचा नकाशा आणि एखाद्या शेजाऱ्याची लिहून घेतलेली हकिकत अशी तीन कागदांची जुडी मी देतो. जलसुरक्षा हा विषय तर पाठ्यक्रमात आहेच, त्याला ही जुडी सहज जोडता येते. नदी स्वच्छ करायला झाडू घेऊन जाण्यापूर्वी ती तुंबते कशाने हे मुलांनी वाचलेले असावे, एवढाच माझा आग्रह आहे. एरवी आपण काठावरचे प्लॅस्टिक वेचतो आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच वेचायला जातो.

याचा अर्थ चरित्रे टाकून द्यावीत असा नाही. पान मात्र निवडून घ्यावे. वरोऱ्याच्या नगरपालिकेत उपाध्यक्ष असताना मैला वाहणारे बाबा आमटे पावसात पडलेल्या एका कुष्ठरुग्णाला पाहून घाबरले आणि पळाले, ते पान मी घेतो. पुढचे आनंदवन सर्वांना ठाऊक असते. त्या पळण्याविषयी मात्र मुले पहिल्यांदाच ऐकतात आणि मग स्वतःची किळस, स्वतःची भीती बोलून दाखवतात. सावित्रीबाई फुले यांचे १८७७ सालचे ओतूरहून जोतीरावांना लिहिलेले पत्रही असेच आहे. त्यात दुष्काळाचे वर्णन आहे, मदतीला धावलेल्या सत्यशोधकांचेही आहे, आणि मदत करू जाणाऱ्यावर संकट कसे ओढवते हेही आहे. दोन तासिकांत ते वाचून होते. तुकडोजी महाराजांचे नाव आपल्या विद्यापीठावर आहे, पदवीच्या कागदावर आहे, पण ग्रामगीतेच्या एक्केचाळीस अध्यायांतील एकही ओवी न वाचता मुले पदवीधर होतात. त्यातला आरोग्याचा अध्याय वाचून वस्तीतल्या हातपंपाभोवतीचे डबके पाहायला न्यावे. अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

झेरॉक्सविषयी शंका येते, म्हणून थोडक्यात सांगतो. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी साहित्य सर्वांसाठी खुले होते. त्यामुळे गांधीजींचे १९४१ मधील ‘रचनात्मक कार्यक्रम’ हे छोटे पुस्तक मुळातून वापरायला अडचण नाही. अनुवाद घ्यायचा असेल तर अनुवादकाचा हक्क वेगळा असतो, तेवढे पाहावे. अलीकडच्या पुस्तकांतील उतारे अध्यापनासाठी देण्याची मुभा १९५७ च्या कायद्याच्या ५२ व्या कलमात आहे, पण म्हणून अख्खे पुस्तक छापून वाटू नये.

भाषेचा प्रश्न मात्र मला अजून पुरता सुटलेला नाही. नागपुरात वर्गातील कित्येक मुलांच्या घरी हिंदी बोलली जाते, काहींच्या घरी वऱ्हाडी, आणि शासकीय मराठी तर कोणाच्याच घरी नाही. म्हणून अशा मजकुराचे आम्ही आधी वर्गात मोठ्याने वाचन करतो, मग प्रत्येक जण तो घरच्या बोलीत सांगतो.

त्यातूनच गेल्या वर्षीच्या वर्गाने हयातीच्या दाखल्यावर चार पानांची पुस्तिका लिहिली, एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला हिंदी. कच्चा मसुदा घेऊन मुली पुन्हा त्याच आश्रमात गेल्या. आजींनी तो वाचून घेतला आणि दुसऱ्या पानावर बोट ठेवून म्हणाल्या, ‘‘हे चुकलं. बँकेत रांग किती लांब असते ते लिवलंच नाई.’’ मुलींनी तिथेच बसून ते वाक्य घातले. यंदा नववीचे सेवाकार्य सुरू झाले तेव्हा पहिल्या तासाला मी हीच पुस्तिका वाचायला दिली.