पाणी भिंतीबाहेर थांबवणारी चाचणी

(दृश्य : तळोजा औद्योगिक वसाहतीतील एक शीतगृह. सरकते दार उघडताच बाहेरची दमट हवा आत शिरते आणि उंबरठ्यावर धुके पसरते.)

निर्यातीची कोळंबी आणि पापलेट ज्या दालनात रचून ठेवले जातात, तेथील तापमान उणे 18 अंशांच्या वर जाऊ दिले जात नाही. इतक्या थंडीत आग कशी लागेल, असे पाहणाऱ्याला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु येथील भिंती आणि छत पॉलियुरेथेन फोमच्या पॅनलचे आहे, माल पुठ्ठ्याच्या खोक्यांत आणि प्लास्टिकच्या वेष्टनात आहे, खाली लाकडी पॅलेट आहेत, आणि गोठवणाऱ्या हवेत ओलावा जवळपास नसल्याने हे सारे कमालीचे कोरडे आहे. दक्षिण कोरियातील इचॉन शहरात 2008 साली शीतगृहाला लागलेल्या आगीत 40 जण, तर 2020 साली त्याच शहरात बांधकाम सुरू असलेल्या गोदामातील आगीत 38 जण मृत्युमुखी पडले, आणि दोन्ही वेळा आग फोमनेच भडकवली.

छताला आगीच्या उष्णतेने फुटून पाणी फवारणारे स्प्रिंकलर आहेत, परंतु त्यांच्या नळ्यांत पाणी नाही. तापमान 4 अंशांच्या खाली जाण्याची शक्यता असेल तेथे पाण्याने भरलेली नळी चालत नाही, कारण गोठलेले पाणी नळीच फोडते. म्हणून आत दाबाखालची हवा भरलेली असते आणि पाणी भिंतीबाहेरच्या उबदार व्हॉल्व्ह रूममध्ये अडवलेले असते. साध्या ड्राय व्हॉल्व्हमध्ये दर चौरस सेंटिमीटरला अडीच किलो दाबाची हवा सहा किलो दाबाचे पाणी रोखून धरते, कारण हवेच्या बाजूला व्हॉल्व्हच्या आतील झडपेचे क्षेत्रफळ कितीतरी मोठे ठेवलेले असते.

(दृश्य : फोर्कलिफ्टचा उंचावलेला मास्ट (माल उचलणारा खांब) स्प्रिंकलरच्या अगदी जवळून जातो.)

मात्र अशा एखाद्या धक्क्याने स्प्रिंकलर तुटून नळीतील हवा निसटली, तर साधा ड्राय व्हॉल्व्ह त्याला आगच समजेल आणि पाणी आत सोडेल. म्हणून या शीतगृहात दुहेरी अटीची व्यवस्था आहे : छताखालच्या उष्णताशोधक केबलने इशारा दिला पाहिजे आणि स्प्रिंकलर फुटून नळीतील हवाही उतरली पाहिजे, तेव्हाच व्हॉल्व्ह उघडतो.

आता प्रश्न चाचणीचा. साध्या इमारतीत टेस्ट व्हॉल्व्ह उघडून पाणी वाहू द्यावे आणि नंतर नळ्या रिकाम्या कराव्यात, एवढे पुरते. येथे तसे केले, तर नळीत उरलेले ओंजळभर पाणी काही तासांत बर्फ होईल, आणि चाचणीत उत्तीर्ण झालेली यंत्रणा त्या चाचणीमुळेच निकामी होईल. पाणी शेवटच्या स्प्रिंकलरपर्यंत 60 सेकंदांत पोहोचते की नाही, ही परीक्षा म्हणूनच दालन थंड करण्यापूर्वी घेतली जाते, आणि नळ्या पूर्ण कोरड्या झाल्यावरच कूलिंग सुरू होते.

(दृश्य : व्हॉल्व्ह रूम. तंत्रज्ञ व्हॉल्व्हच्या वरच्या बाजूची झडप बंद करतो. ड्रेनची नळी बाहेरच्या गटाराकडे जाते.)

त्यानंतरच्या दरवर्षीच्या चाचण्या भिंतीच्या या बाजूलाच होतात. तंत्रज्ञाने आता बंद केलेली झडप पाण्याला शीतदालनाकडे जाऊ देत नाही. व्हॉल्व्ह उघडला, तरी पाणी ड्रेनमध्येच जाईल. प्रथम फक्त शोधक यंत्रणेचा इशारा दिला जातो : घंटा वाजली पाहिजे, व्हॉल्व्ह मात्र हलता कामा नये. यंत्रणा पूर्ववत केल्यावर फक्त हवा सोडली जाते : हवा कमी झाल्याची सूचना आली पाहिजे, व्हॉल्व्ह तरीही बंदच राहिला पाहिजे. शेवटी दोन्ही गोष्टी एकत्र घडवल्या जातात, आणि खटका पडल्याचा जड आवाज होऊन पाणी ड्रेनमधून धो धो बाहेर पडते. पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट तिसरी करणारे कमी नाहीत; पण माल वाचवण्यासाठी घातलेली दुहेरी अट खरोखर पाळली जाते का, हे त्या पहिल्या दोन पायऱ्यांतच कळते.

व्हॉल्व्ह उघडला म्हणजे पाणी आत पोहोचेल, असे मात्र सिद्ध होत नाही. कॉम्प्रेसर कोकणातील दमट हवा ओढतो. ती नीट कोरडी झाली नाही, तर तिच्यातील बाष्प, नळी भिंत ओलांडून थंडीत शिरते नेमक्या त्याच जागी गोठते, आणि थरावर थर चढत बर्फाचा बोळा तयार होतो. म्हणून हवा ड्रायरमधून घेतली जाते किंवा शीतदालनातूनच ओढली जाते. हवा नेणाऱ्या नळीच्या दोन्ही टोकांच्या दाबमापकांमध्ये फरक दिसू लागला, तर आत बोळा धरला असण्याची शंका घ्यावी. शिवाय वर्षातून एकदा भिंतीलगतचा जोड खोलून नळीत प्रत्यक्ष पाहावे लागते.

(दृश्य : उघडलेला फ्लँज, म्हणजे नळीचा जोड. बोअरस्कोपच्या, म्हणजे नळीत घालायच्या कॅमेऱ्याच्या, पडद्यावर नळीचा आतील भाग; तळाशी पांढरी, खरखरीत कड.)

पडद्यावर दिसणारी ती कड बोटभरही जाड नाही. तरीही तो तुकडा काढून साफ केला जातो आणि ड्रायरमधील शोषक दाणे बदलले जातात. नळीला दर मीटरमागे 4 मिलिमीटर उतार शिल्लक आहे का, हेही लेव्हल लावून पाहिले जाते, कारण आधार सैल होऊन नळी झोळली, की ओलावा तेथेच साचतो. दर तीन वर्षांनी गळतीचीही तपासणी होते : सुमारे पावणेतीन किलो दाबाला हवा भरून दोन तास थांबायचे, आणि त्या अवधीत दाब 0.2 किलोपेक्षा जास्त उतरता कामा नये. हवा गळत असेल, तर कॉम्प्रेसर वारंवार चालतो आणि दर वेळी नवा ओलावा आत ढकलतो.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाप्राप्त एजन्सीचे प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलै अशा दोन महिन्यांत द्यावे लागते. जुलै हा हवेत भरपूर ओलावा असलेला महिना असल्याने, शीतगृहाची नळी उघडून पाहायला कायद्याने नकळत योग्य वेळ नेमून दिली आहे. फक्त व्हॉल्व्ह रूममधून परत फिरणाऱ्या तपासनिसाला त्या वेळेचा उपयोग होत नाही.

(दृश्य : झडपेचे चाक उलट्या दिशेने फिरते, साखळी आणि कुलूप.)

चाचणीसाठी बंद केलेली झडप आता पूर्ण उघडून साखळीने बांधली जाते, कारण जगभरात स्प्रिंकलर न चालण्याचे सर्वांत नेहमीचे कारण बंद राहिलेली झडप हेच आढळले आहे. कंट्रोल पॅनलवर झडप उघडी असल्याचा दिवा लागल्याची खात्री करूनच तंत्रज्ञ आणि शीतगृहाचे व्यवस्थापक नोंदवहीत सह्या करतात.