बघीरा नावाचा शाकाहारी कोळी

गोष्टींमधला कोळी बहुतेक वेळा शिकारीच असतो. अंधाऱ्या गुहेत दबा धरून बसलेला, माणसालाही जाळ्यात गुंडाळणारा, अवाढव्य.

१८९६ साली जॉर्ज आणि एलिझाबेथ पेकहॅम या अमेरिकन दांपत्यानं मध्य अमेरिकेतल्या नखाएवढ्या एका कोळ्याची शास्त्रीय नोंद केली. रुडयार्ड किपलिंगचं ‘द जंगल बुक’ येऊन दोनच वर्षं झाली होती. त्यांनी नाव ठेवलं बघीरा किपलिंगी. बघीरा म्हणजे त्या पुस्तकातला, नागपूरच्या उत्तरेला, सिवनीच्या रानात फिरणारा तो काळा बिबट्या. आणि किपलिंग तर मुंबईत जन्मलेला!

नाव शोभणारंच होतं. हा उडी मारणाऱ्या कोळ्यांपैकी. हे कोळी शिकारीसाठी जाळं विणत नाहीत. पुढचे दोन मोठे डोळे सावजावर रोखायचे, शरीरातला द्रव जोरानं मागच्या पायांत ढकलायचा, की पाय ताठ होतात आणि कोळी झेपावतो. आपल्या घरातल्या भिंतीवर माशी टिपणारे कोळी याच कुळातले.

पण हा बघीरा खातो काय, हे जगासमोर आलं थेट २००९ साली.

(दृश्य: काटेरी झाड, पानांची टोकं जवळून)

मेक्सिको आणि कोस्टा रिकातली ही झाडं आपल्या बाभळीची भावकी. काटे पोकळ आणि फुगीर, बैलाच्या शिंगांसारखे. त्यांत मुंग्या राहतात. पानांच्या टोकांशी पिवळसर, पौष्टिक बोंडं येतात, तो मुंग्यांचा खुराक. त्या बदल्यात मुंग्या झाडाची राखण करतात. पानाला तोंड लावणाऱ्या किड्यावर तुटून पडतात.

आता बघा. कोळी जुन्या पानांवर थांबतो, कारण तिथे पहारा विरळ असतो. मुंगी समोरून आली, की तो चटकन बाजूला उडी घेतो. वाट मोकळी झाली की पुढे सरतो, बोंड तोडतो आणि तोंडात धरून निसटतो. वाघराचं सगळं कसब, आणि लूट म्हणजे पानाचा एक कण! मला तर हे कुठल्याही राक्षसी कोळ्याच्या गोष्टीपेक्षा थरारक वाटतं.

मेक्सिकोत त्याच्या आहारातला ९० टक्क्यांहून अधिक वाटा या बोंडांचा निघाला. कोस्टा रिकात तो कमी आहे. मधूनमधून तो मुंग्यांच्या अळ्याही पळवतो. तरीही हजारो जातींच्या कोळ्यांत, मुख्यतः वनस्पतीवर जगणारा म्हणून ओळख पटलेला हा पहिलाच.

उडी मारणाऱ्या कोळ्यांना आजही नावं मिळताहेत, आणि ती सगळी कथांतली नाहीत. ठाण्यात सापडलेल्या एका जातीचं २०२१ साली नामकरण झालं, इसियस तुकारामी. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ, हातात फक्त लाठी असताना कसाबची बंदूक धरून ठेवणारे मुंबई पोलिसांचे तुकाराम ओंबळे, यांच्या नावावरून.