चौथा आणि पाचवा सामना

श्रोते हो, नमस्कार.

हिवाळ्यातल्या संध्याकाळी खान्देशातल्या कुठल्याही गल्लीत चक्कर मारा. एका निंबाला आणि समोरच्या जिन्याच्या कठड्याला दोरी बांधलेली दिसेल. रॅकेटी चार, पोरं दहा. मग एकेरी खेळायची चैन कुणाला परवडणार? दोघं इकडे, दोघं तिकडे, बाकीचे ओट्यावर बसून. फूल, म्हणजे शटलकॉक, प्लास्टिकचं, आणि वारा सुटला की ते थेट शेजारच्या घराच्या धाब्यावर. मी अमळनेरला असाच बॅडमिंटन शिकलो. म्हणून ७ ऑक्टोबर २०२३ ला चीनमधल्या हांगझोऊत आशियाई क्रीडा स्पर्धेच्या पुरुष दुहेरीच्या अंतिम सामन्यात सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी आणि चिराग शेट्टी यांनी कोरियाच्या जोडीला २१-१८, २१-१६ असं हरवून सुवर्ण जिंकलं, तेव्हा आमच्या गल्लीतलंच कुणीतरी जिंकल्यासारखं वाटलं. चिराग मुंबईचा, सात्त्विक आंध्रातल्या अमलापुरमचा. नावानं अमळनेरच्या किती जवळचं गाव!

आशियाई क्रीडा स्पर्धेत बॅडमिंटन आलं १९६२ साली, जकार्ताला. भारताला या खेळात सुवर्णपदक मिळायला तिथून पुढं एकसष्ट वर्षं लागली. इतकी का लागली? चीन, इंडोनेशिया, जपान, कोरिया, मलेशिया, थायलंड, या खेळातली बहुतेक बलाढ्य मंडळी आशियातलीच. इथं पहिल्या फेरीपासूनच दमछाक होते. आपलं पहिलं पदक १९७४ मध्ये तेहरानला आलं, पुरुष संघाचं कांस्य. १९८२ ला दिल्लीत सय्यद मोदींनी एकेरीत कांस्य मिळवलं, आणि आपल्या मुंबईचे प्रदीप गंधे व लेरॉय डिसा या जोडीनं दुहेरीत. मोदींचं पदक लोकांच्या लक्षात राहिलं, गंधे-डिसांचं फारसं राहिलं नाही. मला याचं आजही वाईट वाटतं. पहिलं सुवर्ण शेवटी दुहेरीनंच आणलं ना?

पण आज मला मुद्दाम सांगायचंय ते त्या सुवर्णाच्या सहा दिवस आधीच्या लढतीबद्दल. १ ऑक्टोबरला पुरुषांच्या सांघिक स्पर्धेची अंतिम लढत होती, समोर चीन, तेही त्यांच्याच घरी. सांघिक लढतीत पाच सामने असतात, तीन एकेरीचे आणि दोन दुहेरीचे. जो संघ तीन जिंकेल तो विजयी. पहिल्या सामन्यात लक्ष्य सेननं शी युचीला तीन गेममध्ये हरवलं. दुसरा सात्त्विक-चिरागनं घेतला. दोन-शून्य! आमच्याकडं टीव्हीसमोर बसलेले आप्पा सारखे विचारत होते, "आते काय व्हई रे भो?" तिसऱ्या सामन्यात किदांबी श्रीकांतनं पहिला गेम २४-२२ असा अगदी थोडक्यात गमावला, आणि तिथून पारडं फिरलं. चौथा गेला, पाचवाही गेला. पाठीच्या दुखापतीमुळं आपला एकेरीचा खेळाडू एच. एस. प्रणॉय त्या दिवशी खेळूच शकला नव्हता. त्याच पाठीनिशी त्यानं नंतर एकेरीचं कांस्य मिळवलं, मोदींनंतर एक्केचाळीस वर्षांनी.

ते रौप्य मोठंच आहे, पुरुष संघ या स्पर्धेत त्याआधी कधी अंतिम फेरीत पोचलाच नव्हता. पण सोनं निसटलं ते चौथ्या-पाचव्या सामन्यात. एक खेळाडू जायबंदी झाला की तेवढ्याच ताकदीचा दुसरा उभा करावा लागतो, दोन नंबरची जोडीही तोडीस तोड लागते. ती माणसं दोन-चार महानगरांतल्या अकादम्यांतून पुरतील असं मला वाटत नाही. ती अमलापुरमहून येतात, तशी शिरपूर, चोपडा, शहाद्याहूनही यायला हवीत.

आणि आपल्याकडं होतं काय? गल्लीत वर्षभर जोडीनं खेळणारी पोरं स्पर्धेच्या वेळी एकेरीत नाव घालतात. पालकांचाही तोच आग्रह, पोराचं एकट्याचं नाव व्हावं. दुहेरी हा निराळाच खेळ आहे. सर्व्हिस खाली, नेटला घासून जाणारी. जोडीदारानं स्मॅश मारला की आपण पुढं सरकायचं. बचावाला आलो की दोघांनी शेजारी-शेजारी. हे रक्तात मुरायला वर्षं लागतात.

आपल्या उन्हाळ्याचंही सांगतो. पिसांच्या फुलाला सोळा पिसं असतात आणि वजन जेमतेम पाच ग्रॅम. तापलेल्या हवेत ते लांब पळतं, मापात मारलेलं फूलही रेषेबाहेर पडतं. कोरड्या हवेत पिसं कडकडीत होऊन दोन स्मॅशमध्ये तुटतात. भुसावळ-जळगावच्या वैशाखात तर विचारूच नका. त्यावर एक साधा उपाय: आदल्या रात्री फुलांचा डबा उघडून पिसांच्या बाजूनं किंचित वाफ द्यायची, लगेच झाकण लावायचं. बुच भिजू द्यायचं नाही. शिवाय फुलांवर वेगाचा आकडा असतो, उन्हाळ्यात कमी आकड्याचं, संथ फूल घ्यावं.

क्रीडाशिक्षकांना आणि पालकांना माझी एकच विनंती आहे. यंदा शालेय स्पर्धेआधी सरावाला सुरुवात कराल, तेव्हा गल्लीतली ती जोडी फोडू नका. जिथं दुहेरीचा गट असेल, तिथं दोघांची नावं शेजारी-शेजारी लिहा.

नमस्कार.