लहानखुरा डॉक्टर

(दृश्य: ल सूर गावातलं छोटं लाकडी घर.)

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, ल सूर गावी हे घर आहे. १८५९ साली डॉ. विल्यम वॉरल मेयो यांनी भावाला हाताशी धरून ते स्वतः बांधलं. उंची जेमतेम ५ फूट ४ इंच; लोक त्यांना 'लहानखुरा डॉक्टर'च म्हणत.

जन्म १८१९चा, इंग्लंडमधला. १८४६ला अमेरिका गाठली. न्यूयॉर्कच्या रुग्णालयात औषधं बनवली, इंडियानात शिंपीकाम केलं, मग डॉक्टरकी शिकले. तिथं हिवतापानं पिच्छा सोडेना, म्हणून उत्तरेला निघाले ते थेट मिनेसोटात. इथंही नुसत्या डॉक्टरकीवर चूल पेटत नव्हती. शेती केली, नदीवर नाव चालवली.

ऑगस्ट १८६२. सरकारनं कराराचे पैसे थकवलेले, इथले मूळ रहिवासी डकोटा लोक उपाशी. त्यांचं गोऱ्यांशी युद्ध पेटलं. मेयो जखमींसाठी न्यू अल्म गावी धावले. इकडे पत्नी लुईझ यांनी पळून आलेल्या कुटुंबांना घरात, गोठ्यात आसरा दिला.

(दृश्य: मँकेटो, बर्फाळ नदीकाठ.)

युद्धानंतर, २६ डिसेंबरला मँकेटो गावात ३८ डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी दिली. त्यांना पुरलं, आणि लगोलग डॉक्टर मंडळींनी थडगी उकरली. विच्छेदनासाठी प्रेतं हवी होती. मेयोंनी नेला तो देह मार्पिया ओकिनाजिन यांचा. गोरे त्यांना 'कट नोज' म्हणत. सांगाडा मेयोंच्या घरी राहिला, आणि विल व चार्ली ही त्यांची मुलं हाडं ओळखायला शिकली ती त्याच्यावर.

हा प्रसंग पुष्कळदा कौतुकानं सांगतात. बापाला शिकवायची केवढी हौस! ज्याची हाडं, त्याच्या माणसांना मात्र कुणी विचारलं नव्हतं. मेयोंच्या नावानं चालणाऱ्या 'मेयो क्लिनिक' या संस्थेनं त्यांची जाहीर माफी मागितली ती २०१८ साली.

(दृश्य: रॉचेस्टर.)

सैन्यभरतीच्या तपासणीचं काम मिळालं आणि १८६४ मध्ये कुटुंब रॉचेस्टरला आलं. इथं एकदा त्यांनी घर गहाण टाकून सूक्ष्मदर्शक घेतला. लुईझबाईंनी होकार दिला, हे विशेष.

२१ ऑगस्ट १८८३ला चक्रीवादळानं शहराचा उत्तर भाग उडवला. नाचघरात जखमींच्या रांगा लागल्या, शुश्रूषेला ख्रिस्ती जोगिणी (नन) आल्या. त्यांच्या प्रमुख मदर आल्फ्रेड यांनी नंतर विचारलं, इथं रुग्णालय काढू या का? मेयो म्हणाले, गाव लहान आहे, खर्च पेलणार नाही. मदर हटल्या नाहीत. पैसे आम्ही उभे करू, तुम्ही फक्त चालवा. १८८९ मध्ये सेंट मेरीज रुग्णालय उघडलं, २७ खाटांचं. मेयो तेव्हा सत्तरीचे.

एखादा इथं थांबला असता. हे आधी नगराध्यक्ष झालेच होते, आता राज्याच्या सिनेटवर निवडून गेले. १८९१ ते १८९५. रुग्ण सांभाळायला मुलं होती, म्हातारा विधिमंडळात.

नव्वदीतही यंत्रांशी खटपट सुरूच होती. त्यातच एका यंत्रात हात चिरडला. ६ मार्च १९११ला ते गेले.