घामानं रंग उडालेली गिटार

ही गिटार जरा जवळून बघा. कडांना कुठे कुठे तपकिरी रंग टिकून आहे, बाकी सगळं उघडं लाकूड. १९६१ची फेंडर स्ट्रॅटोकास्टर, म्हणजे इलेक्ट्रिक गिटार. डब्लिनमध्ये एकदा चोरीला गेली, काही दिवसांनी एका खड्ड्यात सापडली. पण रंग घालवला तो मुख्यतः घामानं. घाम आयरिश ब्लूज-रॉक गिटारवादक रोरी गॅलहरचा. २०२४मध्ये लंडनच्या लिलावात हिला आठ लाख पौंडांहून जास्त किंमत आली. घेणाऱ्यानं ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला देऊन टाकली, हे फार बरं झालं.

१९६३. कॉर्क शहरातलं क्रोलीज हे वाद्यांचं दुकान. गिटार सेकंडहँड, तरी किंमत शंभर पौंडांच्या घरात. पंधरा वर्षांच्या रोरीकडे एवढे पैसे कुठून येणार? हप्त्यानं घेतली. मग हप्ते फेडायला शाळेत असतानाच तो शोबँडमध्ये वाजवू लागला. शोबँड म्हणजे आपल्याकडचा ऑर्केस्ट्राच म्हणा: कडक सूट घालायचे, चालू हिट गाणी वाजवायची आणि लोकांना नाचवायचं. त्याच्या डोक्यात मात्र ब्लूज होता, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत.

१९६६मध्ये त्यानं स्वतःचा बँड काढला, टेस्ट. १९७०ला तो इंग्लंडमधल्या आइल ऑफ वाइट महोत्सवात प्रचंड गर्दीसमोर वाजला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस फुटला. पुढच्या वर्षापासून स्वतःच्या नावावर.

आता हे उत्तर आयर्लंडमधलं बेलफास्ट. बॉम्बस्फोट, रस्त्यावर सैनिक. बाहेरचे बँड इकडे फिरकत नव्हते. रोरी यायचा. जानेवारी १९७४, अल्स्टर हॉल. बेस वाजवणारा जेरी मॅकअव्हॉय इथलाच. अंगात चेक्सचा शर्ट, मागे व्हॉक्स कंपनीचा अँप (अँप्लिफायर), बस्स. बाहेर कॅथलिक-प्रोटेस्टंट वस्त्या एकमेकींना पाठ करून बसलेल्या. इथे दोन्हीकडची पोरं एकाच हॉलमध्ये घामाघूम झालेली. त्या दौऱ्याचा लाइव्ह अल्बम निघाला. पण रोरीची खरी कमाई म्हणजे एका हॉलमध्ये आलेली ती पोरं, असं आम्हाला वाटतं.

कारण बाजाराची गणितं त्यानं कधी मांडलीच नाहीत. रेडिओवर वाजतील अशा सिंगल्स, म्हणजे एकेकटी सुटी गाणी, काढायला त्याचा ठाम विरोध. १९७५मध्ये रॉटरडॅमला रोलिंग स्टोन्स या बड्या बँडबरोबर वाजवून पाहिलं आणि ठरलेल्या जपान दौऱ्यावर निघून गेला.

१४ जून १९९५, लंडन. यकृत प्रत्यारोपणानंतर संसर्ग झाला आणि रोरी गेला. वय ४७.

हे आयर्लंडमधलं बॅलीशॅनन, त्याचं जन्मगाव. भर चौकात त्याचा पुतळा आहे. जूनच्या सुरुवातीला इथे त्याच्या नावानं महोत्सव भरतो, ठिकठिकाणचे बँड येऊन त्याचीच गाणी वाजवतात. आवाज वाढवा जरा.