कापसातल्या बीच्या पुढे

[दृश्य: वर्गाच्या खिडकीत ओळीने ठेवलेल्या वाट्या, ओला कापूस, त्यातून वर आलेले कोंब]

हा प्रयोग आपण सगळ्यांनी केलेला आहे. वाटीत ओला कापूस, त्यावर चार बिया, दोन-तीन दिवसांत मोड, आठवड्याभरात हिरवं पान, वहीत चित्र काढायचं, बाईंची सही घ्यायची, धडा संपला. मुलांना वाटतं आपण शेती केली. पण शेतीतला जो भाग सगळ्यात किचकट तो या वाटीत आलेलाच नाही, कारण वाटीत माती नाही.

हीच वाटी अजून काही दिवस तशीच राहू दिली तर काय होतं बघा.

[दृश्य: तीच वाटी, टाईमलॅप्स]

रोप वर जातं, बारीक होत जातं, खालची पानं पिवळी पडतात आणि मग एक दिवस मान टाकतं. पाणी रोज घातलंय, ऊन येतंय, हवा आहेच, मग मेलं कशानं? बहुतेक ठिकाणी वाटी या स्टेजला यायच्या आधीच कचऱ्यात जाते, म्हणजे जिथे खरा प्रश्न सुरू होतो तिथेच आपण प्रयोग गुंडाळतो. या वर्गात तसं केलं नाही. मेलेलं रोप टेबलावर मधोमध ठेवलं आणि बाईंनी उत्तर न देता फक्त विचारलं, इतके दिवस जगलं ते कशाच्या जोरावर?

[दृश्य: क्लोज-अप, भिजवलेला वाटाणा, मुलीचं नख]

रात्रभर भिजवलेला वाटाणा. वरचं साल नखाने सरकवायचं, दोन दलं अलगद बाजूला करायची, आणि आत, अगदी कडेला, हे बघा. एवढंसं रोप. मूळ कुठलं, पान कुठलं हेसुद्धा भिंगातून ओळखता येतं. बाकी सगळा वाटाणा म्हणजे त्याचा डबा, घरून भरून आणलेला. मग मुलांनी काय केलं, काही बियांचं एक दल काढून टाकलं, काहींची दोन्ही ठेवली, आणि शेजारी शेजारी लावल्या. अर्धा डबा मिळालेली रोपं खुरटी राहिली. कापसातलं रोप मेलं कारण डबा संपला आणि कापसात खायला काही नव्हतं. आता इथे प्रत्येक मूल म्हणतं, मग रोप माती खातं! हे उत्तर चुकीचं आहे, पण लगेच चूक म्हणायचं नाही, कारण ते तपासता येतं आणि एकाने ते चारशे वर्षांपूर्वी तपासलेलंही आहे.

[दृश्य: कुंडी वजनकाट्यावर, मुलं आकडा वाचतायत]

यान बाप्टिस्टा व्हान हेल्मोंट म्हणून एक गृहस्थ होते. त्यांनी भट्टीत वाळवलेली २०० पाउंड माती एका कुंडीत भरली, त्यात विलो नावाच्या झाडाचं ५ पाउंडांचं रोप लावलं आणि पाच वर्षं त्याला नुसतं पाणी घातलं. पाच वर्षांनी झाड भरलं १६९ पाउंडांच्या वर, आणि माती परत वाळवून तोलली तर कमी झालेली फक्त दोन औंस, म्हणजे साठ ग्रॅमच्याही आत. हे छापून आलं १६४८ मध्ये, ते गेल्यानंतर. त्यांनी निष्कर्ष काढला की झाड पाण्यापासूनच बनतं, तो निम्माच बरोबर होता कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यांच्या हिशोबात नव्हता, उजेडाचं काम तर यान इंगेनहौझ यांनी १७७९ मध्ये दाखवलं. लहान मुलांना ही नावं पाठ करायला लावू नका. पण वजनकाटा नक्की द्या. मातीतून घेतलेलं वजन नगण्य असतं, आणि तेवढंसं मिळालं नाही तर रोप पिवळं पडून मरतं, या दोन गोष्टी एकत्र डोक्यात बसायला मोठ्या माणसांनाही वेळ लागतो.

तर आता माती.

[दृश्य: उंच काचेच्या बरण्या, मुलं जीव खाऊन हलवतायत]

उभट बरणी घ्यायची, एक तृतीयांश माती, वर गळ्यापर्यंत पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे एक-दोन थेंब म्हणजे मातीचे गोळे सुटे होतात, झाकण घट्ट लावायचं आणि बरणी मुलांच्या हातात. हलवा म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही, थांबवणंच अवघड. मग बरणी टेबलावर ठेवायची आणि हात लावायचा नाही. ही दुसरी अट पहिलीपेक्षा फार कठीण, हे फुटेजमध्ये दिसतंच आहे.

मिनिटभरात तळाशी वाळूचा थर दिसायला लागतो. त्याच्यावर पोयटा, म्हणजे वाळूपेक्षा बारीक आणि चिकणमातीपेक्षा जाड कण, तो निवांत, तास-दोन तास घेतो. आणि चिकणमाती दुसऱ्या दिवशी शाळा भरली तरी पाण्यातच, वरचं पाणी गढूळ, कधी कधी अजून एक-दोन दिवस तसंच. कारण कणाचा आकार. वाळूचा कण ०.०५ ते २ मिलीमीटर, चिकणमातीचा ०.००२ मिलीमीटरपेक्षाही लहान, तो खाली बसणार तरी कधी. थर स्थिर झाले की बरणीला पट्टी लावायची, प्रत्येक थर किती मिलीमीटर ते लिहायचं आणि भागाकार करायचा. शेकडेवारीचं गणित शिकवायला याच्यापेक्षा चांगली संधी मला तरी माहीत नाही, पण गणिताच्या तासाला बरणी आणायची परवानगी कोण देणार.

[दृश्य: बरणीचा वरचा भाग, तरंगणाऱ्या काड्या, काळपट चुरा]

या पोराने चमचा घेऊन वर तरंगणारा काडीकचरा काढायला सुरुवात केली, बरणी स्वच्छ दिसावी म्हणून. बाई म्हणाल्या, थांब, तो राहू दे. तोच सेंद्रिय भाग, कुजलेली पानं, मुळांचे तुकडे. मातीत प्रमाणाने अगदी थोडा, पण तो काय करतो हे पुढच्या ग्लासात बघा.

[दृश्य: दोन ग्लास, तोंडावर जाळी, जाळीवर ढेकूळ]

दोन ढेकळं. एक झाडाखालचं, जिथे कोणी खणत नाही. दुसरं मैदानाच्या कडेच्या वाफ्यातलं, जो दरवर्षी उकरला जातो. दोन्ही पूर्ण वाळवलेली, साधारण एका आकाराची. आधी हात वर करायला लावले, कुठलं टिकेल? जवळजवळ सगळा वर्ग खणलेल्या मातीच्या बाजूने, कारण खणलेली माती चांगली असते असं सगळ्यांनी ऐकलेलं. मग दोन्ही जाळ्या एकदम पाण्यात.

[दृश्य: पूर्ण शॉट कट न करता ठेवायचा. इथे निवेदन नको, मुलांचा आवाज राहू दे]

वाफ्यातलं ढेकूळ बुडबुडे सोडत विरघळलं आणि तळाशी चिखल झाला. झाडाखालचं जाळीवर बसूनच आहे. ढेकूळ धरून ठेवतात ती बारीक मुळं, बुरशीचे धागे, आणि सूक्ष्मजीव जे चिकट पदार्थ सोडतात ते, आणि या सगळ्यांना पोसतो तोच मघाचा 'कचरा'. सारखी खणाखणी केली की धागे तुटतात, सेंद्रिय भाग लवकर संपतो, मग पहिल्या पावसात माती बसते आणि वर पापडी धरते. याचा अर्थ कधीच खणू नये असा नाही, पण दरवेळी उकरायलाच पाहिजे का, हा प्रश्न आता या वर्गात आलाय आणि तो पुस्तकातून आलेला नाही.

[दृश्य: तीन प्लॅस्टिकच्या बाटल्या आडव्या, वरची बाजू कापलेली, तोंडाखाली तीन पारदर्शक कप]

हा पुढचा प्रयोग कॅमेऱ्याला सगळ्यात आवडतो आणि त्याची तयारी सगळ्यात लांबलचक. तिन्ही बाटल्यांत माती एकच, दाबली सारखी, उतार सारखा. पहिलीत उघडी माती. दुसरीत वर वाळलेल्या पानांचं आच्छादन. तिसरीत गवत, आणि हे गवत त्या दिवशी आणून खोचलेलं चालत नाही, काही आठवडे आधी बी टाकून बाटलीतच वाढवावं लागतं म्हणजे मुळं मातीत पसरतात. ज्यांना हा प्रयोग 'जमला नाही' त्यातले बरेचजण इथेच घाई करतात. पाणी एकाच झारीतून, एकाच उंचीवरून, तेवढंच. एक मूल ओतणार, एक मोजणार, एक घड्याळ बघणार, बाकीच्यांनी फक्त कपांवर डोळे.

[दृश्य: पाणी ओतणं, तिन्ही कप एकाच फ्रेममध्ये]

पहिला कप चहापेक्षा गडद. दुसरा फिकट. तिसरा जवळजवळ नितळ, आणि तिसऱ्यात पाणी उशिरा आलं आणि कमी आलं. मग उरलेलं पाणी कुठे गेलं असं विचारल्यावर ही मुलगी बाटली उचलून खालून बघते, गळतेय का म्हणून! गळत नव्हती, मातीत मुरलं होतं. थेंबाचा मार पानांनी आणि गवताने अंगावर घेतला, मुळांनी वाट करून दिली. शेतात हेच मोठ्या प्रमाणावर होतं, गेलेली माती परत तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात, पिकाचं आणि पुढे तलावात साचणाऱ्या गाळाचं नुकसान वेगळंच.

[दृश्य: खुरपं, घेवड्याचं रोप मुळासकट काढताना, बादलीत मुळं धुताना]

आता जमिनीखालचं. घेवड्याचं रोप उपटायचं नाही, बाजूने खुरप्याने सैल करून उचलायचं आणि मुळं बादलीत हलक्या हाताने धुवायची. मुळांवर हे मणी मणी दिसतात ना, त्या गाठी. हा रोग आहे का, हा पहिला प्रश्न येतोच, आणि तो चुकीचा नाही, सूत्रकृमींच्या, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या अगदी बारीक कृमींच्याही गाठी होतात. फरक असा की सूत्रकृमीने मूळच फुगतं, गाठ निघत नाही. ही गाठ नुसत्या बोटाने सुटून हातात येते. ती नखाने फोडायची.

[दृश्य: क्लोज-अप, फुटलेली गाठ, आतून गुलाबी]

"रक्त!" असं कोणीतरी ओरडतंच. आणि ते फार लांबचं नाही, आतला रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा नातलग. गुलाबी म्हणजे गाठ कामावर आहे, आतून हिरवट किंवा तपकिरी झाली की काम थांबलेलं. काम कसलं, तर हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे पण झाडाला तो थेट घेता येत नाही, गाठीतले जिवाणू तो पकडून झाडाच्या उपयोगाच्या रूपात देतात आणि बदल्यात साखर घेतात. मार्टिनस बायेरिंक या शास्त्रज्ञाने १८८८ मध्ये हे जिवाणू गाठीतून वेगळे काढून वाढवले. घेवड्यासारख्या कडधान्यानंतर दुसरं पीक का घेतात ते आता सांगावं लागत नाही. मक्याचं रोप शेजारीच धुतलं, मुळं साफ, एक गाठ नाही, मुलांनी आपापसातच जोडलं.

गांडुळांचा प्रयोग पटकन. बरणीत वाळू आणि मातीचे थर, थोडा ओलावा, वर पानं, चार गांडुळं, आणि बाहेरून काळा कागद गुंडाळायचा कारण उजेड त्यांना चालत नाही. काही दिवसांनी कागद काढला की थरांच्या रेषा मोडलेल्या, पानं खाली ओढलेली. चार्ल्स डार्विन यांनी १८८१ मध्ये गांडुळांवर जे लिहिलं त्यात कुंडीतल्या गांडुळांसमोर शिट्टी वाजवल्याची नोंद आहे, ती ढिम्म हलली नाहीत, पण कुंडी पियानोवर ठेवून सूर वाजवला की सरकन बिळात. मुलांनी बरणीजवळ ओरडून बघितलं आणि मग टेबलावर टकटक करून बघितलं. झाल्यावर गांडुळं परत मातीत, हात साबणाने धुवायचे, हे कॅमेऱ्यात नाही पण केलंय.

[दृश्य: ओल्या कागदावर दहा बाय दहा मांडलेल्या बिया, गुंडाळी करताना]

पेरायच्या आधी उगवण तपासणी. शंभर बिया ओल्या कागदावर दहा-दहाच्या ओळीत मांडायच्या, गुंडाळी करायची, प्लॅस्टिकच्या पिशवीत उभी ठेवायची, कागद सुकू द्यायचा नाही. आठवड्याने उघडून उगवलेल्या मोजा, जो आकडा येईल तीच टक्केवारी. कमी आली तर बी जास्त लागेल, फारच कमी आली तर ते बी पेरूच नये. पेरणीआधी घरच्या बियाण्याची तपासणी अशीच होते, आणि ती आठ वर्षांच्या मुलांना जमते. बिया मोजताना भांडणं होतात, एखादीला मोड आलाय की नुसती फुगलीय यावर, तेवढी होऊ द्यावीत.

[दृश्य: शाळेच्या मागचे दोन वाफे, एकावर वाळलेली पानं, एक उघडा, मातीत खोचलेले थर्मामीटर]

आणि शेवटी मुलांनी स्वतः मांडलेली तुलना. दोन वाफे, एकावर आच्छादन, एक उघडा, दोन्हीत तेच बी, तेवढंच पाणी. भर दुपारी थर्मामीटर पाच सेंटीमीटर आत. उघड्या वाफ्याची माती जास्त तापलेली, आच्छादनाखालची गार आणि ओलसर, सगळ्यांना हवं तसंच उत्तर आलं आणि वह्यांमध्ये लिहूनही झालं. तेवढ्यात मागे उभी असलेली ही मुलगी म्हणाली की पण बाई, पानांच्या वाफ्यावर दुपारी भिंतीची सावली पडते, दुसऱ्यावर पडत नाही, मग गार कशाने झाला?

कोणाकडेच उत्तर नव्हतं. बाईंनी वहीतला तक्ता पेन्सिलीने खोडायला लावला. आता दोन्ही वाफे भिंतीपासून लांब, उघड्यावर नव्याने आखले जातायत, दोरी धरायला चौघं, खुंट्या ठोकायला दोघं, आणि सावली कुठवर येते ते तासातासाला खडूने मारून ठेवायचं काम त्याच मुलीकडे.